वाढ झाली, पण वाढलं कुणाला?

ऑगस्ट १९७९ मध्ये अमेरिकेचे डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी पॉल व्होल्कर यांना फेडरल रिझर्व्हचं, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेचं, अध्यक्ष केलं. सहा फूट सात इंच उंचीचा, सतत चिरूट ओढणारा हा माणूस महागाई मोडायला आला होता आणि त्याने ती मोडली. त्यासाठी व्याजदर इतके चढू दिले की बँका एकमेकींना रात्रभरासाठी जे पैसे देतात त्यावरचा दरही २० टक्क्यांच्या घरात गेला. घरं बांधणं परवडेना, तेव्हा बांधकाम व्यावसायिकांनी पडून राहिलेल्या लाकडी दांड्यांचे तुकडे पोस्टाने थेट फेडरल रिझर्व्हच्या पत्त्यावर पाठवले. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन वॉशिंग्टनला धडकले. १९८० ची निवडणूक कार्टर हरले. त्यांच्या जागी आलेल्या रिपब्लिकन रोनाल्ड रेगन यांनाही आधी चटकेच बसले; १९८२ च्या अखेरीस बेरोजगारी १०.८ टक्क्यांवर होती. मग महागाई उतरली, व्याजदर उतरले, १९८४ मध्ये अर्थव्यवस्था सात टक्क्यांहून जास्त वाढली आणि रेगन पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यं जिंकून परत आले.

या भरभराटीचं श्रेय कुणाचं? महागाई मोडणारा माणूस नेमला कार्टर यांनी, त्याला १९८३ मध्ये मुदतवाढ दिली रेगन यांनी. मंदी सुरू झाली रेगन यांच्या काळात, तिची कारणं साठली त्याआधी. प्रचारसभेत असल्या प्रश्नांना वेळ नसतो. जो खुर्चीवर, त्याचं श्रेय आणि त्याचंच पाप, हा मतदाराचा सरळ न्याय. अर्थशास्त्रज्ञांना मात्र तो पुरेसा वाटला नाही.

प्रिन्स्टन विद्यापीठातल्या ॲलन ब्लाइंडर आणि मार्क वॉटसन या दोघांनी २०१६ मध्ये या प्रश्नावर एक निबंध प्रसिद्ध केला. ट्रुमन यांच्या १९४९ च्या कारकिर्दीपासून ओबामांच्या पहिल्या कारकिर्दीपर्यंतची ६४ वर्षं, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाच्या सोळा मुदती, त्यांनी तपासल्या. नऊ रिपब्लिकन, सात डेमोक्रॅट. नव्या अध्यक्षाच्या पहिल्या तिमाहीचा हिशेब जुन्याच्या खात्यावर टाकला. निष्कर्ष आला तो असा: डेमोक्रॅट अध्यक्षांच्या काळात अर्थव्यवस्था वर्षाला सरासरी ४.३३ टक्क्यांनी वाढली, रिपब्लिकन अध्यक्षांच्या काळात २.५४ टक्क्यांनी. पावणेदोन-दोन टक्के म्हणजे फार नाही असं वाटू शकतं, पण चक्रवाढीचं गणित वेगळं असतं. पहिल्या वेगाने अर्थव्यवस्था साधारण सोळा वर्षांत दुप्पट होते, दुसऱ्या वेगाने अठ्ठावीस वर्षं लागतात. मंदीचं चित्र तर आणखी ठळक आहे. १९५० पासून २०२० पर्यंत अमेरिकेत अकरा मंद्या आल्या. त्यांतल्या दहा रिपब्लिकन अध्यक्षांच्या काळात सुरू झाल्या. अकरावी कार्टर यांची.

इथे ब्लाइंडर यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. हे गृहस्थ क्लिंटन यांच्या आर्थिक सल्लागार मंडळात होते आणि पुढे फेडरल रिझर्व्हचे उपाध्यक्ष झाले ते क्लिंटन यांच्याच नेमणुकीने. डेमोक्रॅटांच्या धोरणामुळेच हे घडलं असं लिहून ते मोकळे झाले असते, तर कुणाला आश्चर्य वाटलं नसतं. त्यांनी तसं केलं नाही. सरकारी खर्च आणि कर तपासले, त्यातून फरकाचा उलगडा होईना. व्याजदरांचं धोरण पाहिलं, तिथेही नाही. संसदेत बहुमत कुणाचं होतं याने काही बदलेना. डेमोक्रॅटांना धडधाकट अर्थव्यवस्था वारशात मिळाली म्हणावं, तर उलटंच: वेगात चाललेली अर्थव्यवस्था जास्त वेळा रिपब्लिकनांच्या हाती आली होती. शेवटी हाती लागले ते तेलाचे धक्के, उत्पादकतेतली वाढ, बाहेरच्या देशांमधली तेजी आणि ग्राहकांच्या मनातली उमेद. या सगळ्यांनी मिळून फरकाचा जेमतेम निम्मा भाग समजतो. उरलेला निम्मा का आहे, हे त्यांनाही सांगता आलं नाही. पक्षाशी नातं असलेल्या माणसाने आपल्याच पक्षाचं श्रेय इतक्या शांतपणे कापावं, हे मला या निबंधातलं सर्वांत वाचनीय वाटतं.

आधी तेलाचे धक्के घ्या. ऑक्टोबर १९७३ मध्ये इजिप्त आणि सीरियाने इस्राएलवर हल्ला केला, निक्सन यांनी इस्राएलला विमानांनी शस्त्रं पुरवली, अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत तेलाचा भाव चौपटीच्या आसपास गेला. १९९० मध्ये सद्दाम हुसेन कुवेतमध्ये घुसले तेव्हा थोरले बुश अध्यक्ष होते. दोन्ही वेळा मंदी. उलट क्लिंटन यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत संगणक आणि इंटरनेट यांचा उपयोग कारखान्या-दुकानांपर्यंत पोचला आणि प्रत्येक कामगाराच्या तासाचं मोल वाढलं. पाऊस बरा झाला म्हणून सरपंचाचा सत्कार करावा, तसाच हा प्रकार. अर्थात तेल हे पावसाइतकं निष्पाप नाही. परराष्ट्र धोरणाचा त्यात हात असतो, आणि परराष्ट्र धोरण पक्ष ठरवतो. तरीही कुठल्याही अध्यक्षाने या गोष्टी आपल्या जाहीरनाम्यात लिहिलेल्या नव्हत्या.

दोन पक्षांमधल्या फरकाचा हा आकडा उलट्या बाजूनेही वाचता येतो. ल्युबोश पास्टर आणि पिएत्रो व्हेरोनेसी या शिकागोच्या अर्थतज्ज्ञांनी शेअर बाजाराच्या संदर्भात २०२० मध्ये ते केलं. लोक धास्तावलेले असतात तेव्हा सुरक्षेचं आश्वासन देणाऱ्या पक्षाकडे वळतात. निर्धास्त असतात तेव्हा कर कमी करू म्हणणाऱ्याकडे. १९३२ मध्ये रूझवेल्ट निवडून आले ते महामंदीच्या तळाशी, २००८ मध्ये ओबामा आले ते बँका कोसळत असताना. तळाशी हातात घेतलेली गोष्ट पुढे वरच जाणार. मग डेमोक्रॅटांमुळे तेजी आली, की पडझड झाली म्हणून डेमोक्रॅट आले?

शिवाय मुदती सोळाच आहेत. त्यांतली ट्रुमन यांची, कोरियन युद्धाच्या खर्चाने फुगलेली एक मुदत बाजूला ठेवली तरी फरक कमी होतो. तेव्हा वाढीच्या बाबतीत माझं मत असं: सत्ताधारी पक्षाचा हात त्यात आहे, पण प्रचारात सांगतात त्याच्या एक चतुर्थांशही नसावा.

वाटपाचं मात्र तसं नाही.

राज्यशास्त्रज्ञ लॅरी बार्टेल्स यांनी २००८ मधल्या ‘अनइक्वल डेमॉक्रसी’ या पुस्तकात १९४८ ते २००५ या काळातली अमेरिकी कुटुंबांची उत्पन्नं, महागाई वजा करून, पक्षवार मांडली. उत्पन्नाच्या उतरंडीवर तळापासून विसाव्या टक्क्यावर असलेलं कुटुंब डेमोक्रॅट अध्यक्षांच्या काळात वर्षाला सरासरी २.६४ टक्क्यांनी वर गेलं. रिपब्लिकन काळात ०.४३ टक्क्यांनी. मधल्या, साठाव्या टक्क्यावरचं कुटुंब २.४७ आणि १.१३. वरच्या, पंच्याण्णवाव्या टक्क्यावरचं २.१२ आणि १.९०. शेवटची जोडी पुन्हा वाचावी. श्रीमंत कुटुंबाला कोण निवडून आलं याने फारसा फरक पडला नाही. गरीब कुटुंबाला सहापट पडला.

बार्टेल्स यांच्यावर टीका झाली आणि ती पोकळ नव्हती. अध्यक्षाच्या धोरणाचा परिणाम एक वर्षाने दिसतो असं त्यांनी धरलं होतं. हे अंतर बदललं की आकडेही हलतात. पण फरक कुठून येऊ शकतो हे समजण्यासाठी आकडेशास्त्राच्या भांडणात पडायची गरज नाही. एक वाट १९७७ मध्येच डग्लस हिब्ज यांनी दाखवली होती. बारा पाश्चात्त्य देश पाहून त्यांनी म्हटलं होतं की डाव्या बाजूचे पक्ष बेरोजगारी कमी ठेवायला धडपडतात आणि थोडी महागाई चालवून घेतात, उजव्या बाजूचे नेमकं उलट करतात. नोकरी जाते ती सहसा तळच्या माणसाची. महागाईने झिजतात ते वरच्या माणसाचे रोखे आणि ठेवी. पक्षाचा मतदार कोण, हे इथे सरळ दिसतं.

दुसरी वाट कायद्यांची, आणि तिच्यात काही न करणं हेही धोरण असतं. अमेरिकेतलं तासाचं किमान वेतन १ जानेवारी १९८१ रोजी ३.३५ डॉलर झालं. रेगन यांची आठही वर्षं गेली, आकडा हलला नाही. एप्रिल १९९० मध्ये तो ३.८० झाला. मधल्या काळात किमती जवळपास दीडपट झाल्या होत्या, म्हणजे त्या वेतनाची खरेदीची ताकद सुमारे एक तृतीयांशाने घटली. यासाठी एकही विधेयक आणावं लागलं नाही, एकही भाषण करावं लागलं नाही. ऑगस्ट १९८१ मध्ये विमानतळांवरचे हवाई वाहतूक नियंत्रक संपावर गेले, तेव्हा रेगन यांनी अकरा हजारांवर नियंत्रकांना कामावरून काढून टाकलं. या युनियनने १९८० मध्ये कार्टर यांच्याविरुद्ध रेगन यांनाच पाठिंबा दिला होता. खासगी मालकांनी त्यातून घ्यायचा तो धडा घेतला आणि पुढच्या दशकांत संप दुर्मीळ होत गेले.

करांची गोष्ट सर्वांना माहीत असते, म्हणून ती थोडक्यात. उत्पन्नावरचा सर्वोच्च दर रेगन आले तेव्हा ७० टक्के होता, गेले तेव्हा २८. क्लिंटन यांनी तो ३९.६ वर नेला, धाकट्या बुश यांनी ३५ वर आणला, ओबामांनी पुन्हा ३९.६ केला, ट्रम्प यांनी ३७. पाळण्यासारखा हा झोका पाहिला की पक्षांची ओळख पटते. मात्र १९८६ चं करविधेयक सिनेटने पहिल्यांदा मंजूर केलं तेव्हा बाजूने ९७ मतं होती आणि विरोधात तीन. कमी पगारावर काम करणाऱ्यांना करातून पैसे परत देणारी सवलत १९७५ मध्ये सुरू झाली ती रिपब्लिकन जेराल्ड फोर्ड यांच्या सहीने, आणि रेगन यांनीही ती वाढवली. वरच्या एक टक्क्याचा वाटा क्लिंटन यांच्या शेअर बाजारी तेजीत झपाट्याने फुगला, आणि बँकांना मोकळं रान देणाऱ्या १९९९ च्या कायद्यावर सही त्यांचीच. टॉमस पिकेटी आणि इमॅन्युएल साएझ यांच्या मोजणीप्रमाणे वरच्या एक टक्क्याचा करपूर्व उत्पन्नातला वाटा १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून चाळीस वर्षांत जवळपास दुप्पट झाला. जेराल्ड ऑटेन आणि डेव्हिड स्प्लिंटर म्हणतात, कर आणि सरकारी मदत धरली तर वाढ खूपच कमी दिसते. वाद अजून मिटलेला नाही. पण कुणाचीही मोजणी घ्या, ती रेघ पक्ष बदलला म्हणून खाली वळलेली दिसत नाही. जागतिक स्पर्धा, यंत्रं, शिक्षणाचं वाढलेलं मोल हे सगळं कुठल्याही पक्षाला विचारून येत नाही.

तरी सरकारने ठरवलं तर किती लवकर काय होऊ शकतं, याचं अलीकडचं उदाहरण विलक्षण आहे. मार्च २०२१ मध्ये जो बायडेन यांच्या पक्षाने करोनाकाळातलं मोठं मदतविधेयक संमत केलं. एकाही रिपब्लिकन सदस्याचं मत त्याला मिळालं नाही. त्यात मुलांसाठीची करसवलत वाढवली होती: सहा वर्षांखालच्या मुलामागे वर्षाला ३६०० डॉलर, मोठ्यांमागे ३०००. जुलै ते डिसेंबर दरमहा पैसे आईबापांच्या खात्यात येत होते, कर भरण्याइतकी कमाई नसली तरी. सरकारी मदत धरून मोजलेली बालगरिबी २०२० मध्ये ९.७ टक्के होती, २०२१ मध्ये ती ५.२ झाली. सवलत एकाच वर्षापुरती होती. ती वाढवायला वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर जो मॅन्चिन यांनी नकार दिला. काठावरच्या सिनेटमध्ये तेवढं पुरलं. मॅन्चिन डेमोक्रॅटच होते. २०२२ चा आकडा आला १२.४ टक्के. दोन वर्षांत लाखो मुलं गरिबीच्या रेषेवरून अलीकडे आली आणि परत पलीकडे गेली. या दोन वर्षांत अर्थव्यवस्थेचा वेग वरखाली झाला त्यात तेल होतं, युक्रेनचं युद्ध होतं, करोना होता. मुलांच्या गरिबीच्या त्या दोन उड्यांमागे मुख्यतः एक कायदा होता.

वाढ आणि वाटप या दोन वेगळ्या खोल्या आहेत असा समज यावरून होऊ नये. त्यासाठी पश्चिम बंगालकडे पाहावं. १९७७ मध्ये तिथे डावी आघाडी सत्तेवर आली आणि सलग ३४ वर्षं राहिली. पुढच्याच वर्षी ‘ऑपरेशन बर्गा’ सुरू झालं. बर्गादार म्हणजे दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारा. आपल्याकडे कूळकायद्याने जमीन कुळाच्या नावावर करायचा प्रयत्न झाला. बंगालने मालकी न हलवता फक्त वहिवाटीची नोंद केली. नोंद झालेल्याला मालक हाकलू शकत नव्हता आणि बी-खत कुळाने घातलं तर पिकाचा तीन चतुर्थांश वाटा त्याचा. अधिकारी गावागावांत मुक्काम करून, संध्याकाळी बैठका घेऊन नोंदी करत. अभिजित बॅनर्जी, पॉल गर्टलर आणि मैत्रीश घटक यांनी शेजारच्या बांगलादेशाशी तुलना करून पाहिलं. जमीन तशीच, भात तसाच, फक्त हा कायदा नाही. बंगालमध्ये पुढच्या काळात शेतीची जी उत्पादकता वाढली, तिच्यातला पाव हिश्शाहून थोडा जास्त भाग या नोंदींमुळे आला असं त्यांना आढळलं. हाकलले जाणार नाही अशी खात्री असलेला माणूस बांध नीट घालतो. वाटप बदललं आणि त्यातून वाढ झाली.

याच ३४ वर्षांत कोलकाता-हावड्याच्या कारखान्यांना मात्र उतरती कळा लागली आणि त्याचं सगळं पाप डाव्यांच्या माथी मारायची पद्धत आहे. काही अंशी ते खरं आहे. घेराव हा शब्द देशाला बंगालने दिला, आणि २००८ मध्ये सिंगूरहून टाटांची नॅनो साणंदला गेली तेव्हा भांडवलाचा विश्वास किती आटला होता ते जगाने पाहिलं. पण घसरणीची सुरुवात आधीची आहे. १९५० च्या दशकात केंद्राने लोखंड-पोलाद देशभर एकाच भावात पोचवायचं, रेल्वेभाड्याचा फरक सोसायचा, असं ठरवलं. खाणी आणि भट्ट्या शेजारी असण्याचा बंगाल-बिहारचा फायदा त्याने संपला. त्याचा लाभ झालेल्यांत महाराष्ट्र आणि गुजरात होते, हे आपण सहसा आठवत नाही. हे धोरण सुमारे चाळीस वर्षं चाललं. आपल्या औद्योगिक आघाडीचं श्रेय मुंबईतल्या कुठल्या सरकारला द्यायचं ते ठरवताना हा हिशेबही धरावा.

बंगालमधला मला सर्वांत आवडलेला शोध वेगळाच आहे. प्रणब बर्धन आणि दिलीप मुखर्जी यांनी राज्यातल्या ८९ गावांत जमीनसुधारणेची अंमलबजावणी किती झाली ते पंचायत निवडणुकांच्या निकालांशी ताडून पाहिलं. विचारसरणी हे कारण असेल तर जिथे डाव्यांचं निर्विवाद राज्य, तिथे काम सर्वाधिक व्हायला हवं. झालं होतं ते वेगळं. जिथे लढत चुरशीची, तिथे नोंदी आणि वाटप जास्त. डाव्यांचं बहुमत जसजसं भक्कम, तसा उत्साह ओसरलेला. लाल झेंडा दोन्हीकडे तोच होता. निवडणूक हरण्याची भीती एकीकडेच होती.

आता महाराष्ट्राकडे येऊ, कारण इथलं उदाहरण वरच्या कुठल्याच चौकटीत नीट बसत नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात मागेल त्याला काम देण्याचा छोटा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर लाखो माणसं खडी फोडायला आणि पाझर तलाव खणायला उतरली, तेव्हा वसंतराव नाईक यांच्या काँग्रेस सरकारला ही कल्पना हाताशी होती. त्या काळी काँग्रेसला राज्यात आव्हान देणारं कुणी नव्हतं, म्हणजे बर्धन-मुखर्जींच्या हिशेबाने तिने निवांत बसायला हवं होतं. पण रस्त्यावर विरोधी पक्षांच्या मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर महागाईविरुद्ध लाटणं घेऊन उभ्या होत्या, आणि गावोगावी दुष्काळ होता. मतपेटीबाहेरही चुरस असते. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये दोन्ही सभागृहांत एकमताने संमत झाला. तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला तोवर सरकार बदलून शरद पवार यांचं ‘पुलोद’ (पुरोगामी लोकशाही दल) आलं होतं. त्यांनी तो बाजूला ठेवला नाही.

पैसा आणायचा कुठून, याचं उत्तर १९७५ मध्येच काढलं होतं: व्यवसाय कर. शहरातल्या पगारदाराने दरमहा थोडं द्यायचं आणि त्यातून गावातल्या माणसाला काम मिळायचं. मुंबई-पुण्याचा पैसा थेट बीड-उस्मानाबादच्या मजुरीकडे वळवणारी ही व्यवस्था त्या वेळी देशात दुसरीकडे नव्हती. नंतर तो निधी पूर्ण खर्च होत नाही, इतरत्र वळवला जातो, अशा तक्रारी झाल्या आणि त्या रास्त होत्या. २००५ मध्ये केंद्राने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा समोर नमुना महाराष्ट्राचा होता. पन्नास वर्षांत मंत्रालयात काँग्रेस, पुलोद, शिवसेना-भाजप युती, दोन्ही काँग्रेसची आघाडी, महाविकास आघाडी, महायुती असे सगळे येऊन गेले. पगाराच्या पावतीवर अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपयांची ती कपात त्यांच्यापैकी कुणीही काढून टाकली नाही.